आप्पाचा बकाणा

आप्पा छातीपर्यंत बाहेर आला आणि थांबला.

मला वाटलं, दम खायला थांबलाय. बॉयलरच्या ड्रममध्ये अख्खी सकाळ वाकून काम केल्यावर माणूस तोंडाशी आला की आधी मोकळी हवा घेतो. मी प्लॅटफॉर्मवर उभा होतो. म्हटलं, "आप्पा, या की बाहेर." आप्पानं दोन्ही हातांनी रेलिंग धरलं, जोर केला, आणि माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "साहेब, येत न्हाई."

"काय येत नाही?"

"मी."

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, साखरेची पोती शंभर किलोची होती तेव्हाची. मी कोल्हापूरजवळच्या एका सहकारी साखर कारखान्यात बॉयलर इंजिनिअर होतो. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण त्यातले निम्मे लोक मला अजून मॉर्निंग वॉकला भेटतात.

साखर कारखान्याचा बॉयलर म्हणजे तीन मजली उंच भट्टी. खाली उसाचं चिपाड जळतं, वर पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर सगळा कारखाना चालतो. सगळ्यात वर एक जाड पोलादी पिंप आडवं ठेवलेलं असतं, तो स्टीम ड्रम. त्याला खालून शेकडो ट्यूबा जोडलेल्या असतात. उन्हाळ्यात गाळप संपलं की ऑफ-सीझन सुरू होतो. मग ड्रम उघडायचा, खराब ट्यूबा काढायच्या, नव्या घालायच्या. नवी ट्यूब ड्रमच्या भोकात आतून रुंदावून घट्ट बसवावी लागते. त्याला एक्स्पांडिंग म्हणतात. कमी रुंदावली तर गळते, जास्त रुंदावली तर चिरते. हे काम ड्रमच्या आत बसूनच करावं लागतं, आणि आत जायला ड्रमच्या टोकाला एकच लंबगोल भोक असतं, मॅनहोल. जेवायचं ताट दोन्ही बाजूंनी दाबून लांबट केलं तर जेवढं होईल, साधारण तेवढं.

आमच्याकडे एक्स्पांडिंगला मल्लाप्पाच्या तोडीचा माणूस नव्हता. सगळे त्याला आप्पा म्हणायचे. चाळिशीचा, सीमेकडच्या गावचा, आधी सडपातळ, आणि गेल्या दोन वर्षांत बघता बघता सुटलेला. त्या सकाळी आत जाताना मागून दोघांनी ढकललं होतं, हे मला नंतर कळलं.

तेवढ्यात खाली बातमी पसरली. चीफ इंजिनिअर चौगुले साहेब धापा टाकत वर आले.

"कापा ते भोक," ते म्हणाले.

"साहेब, ड्रमला कटर लावता येत नाही. प्रेशरचं भांडं आहे. बॉयलर इन्स्पेक्टरची परवानगी लागेल."

"मग याला कापा."

वर जमलेली सगळी मंडळी हसली. आप्पाही हसला, पण रेलिंग त्यानं आणखी घट्ट धरलं. माणूस घाबरला की श्वास भरून घेतो, श्वास भरला की फुगतो आणि फुगला की आणखी अडकतो. मी खाली बसलो, त्याच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि म्हटलं, "आप्पा, आता बाहेर यायचं नाही. परत आत जा. निवांत पडा. अंगातले कपडे काढा." तो कसाबसा आत सरकला. कॅन्टीनमधून गोडेतेलाचा डबा मागवला. मॅनहोलच्या कडेला आणि आप्पाच्या पोटाला तेल चोळलं. मग हात पुढे, कंबर तिरकी, श्वास पूर्ण सोडलेला, आणि आम्ही तिघं ओढायला. पोटाची कातडी सोलवटली, पण आप्पा आला.

"पोरगं झालं बघा साहेब," कुणीतरी म्हणालं. पुन्हा हशा. आप्पा टॉवेल गुंडाळून कोपऱ्यात बसला आणि भिंतीकडे तोंड करून रडला. ते फार थोड्यांनी पाहिलं.

संध्याकाळी चौगुले साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"इनामदार, त्याला उद्यापासून उसाच्या यार्डात टाका. गाड्या मोजेल."

"साहेब, एक्स्पांडिंग कोण करणार?"

"बाहेरची पार्टी आणा. आत माणूस अडकून मेला तर इन्स्पेक्टर ट्यूबा विचारत नाही, माणूस विचारतो."

साहेबांचं चूक नव्हतं. आत उष्णता असते, काही झालं तर माणूस पटकन बाहेर काढता आला पाहिजे. पण आप्पाला यार्डात टाकणं म्हणजे काय, हेही मला दिसत होतं. त्या माणसाला जगात एकच गोष्ट येत होती, आणि ती त्याला फार चांगली येत होती. मी भांडलो. शेवटी साहेब म्हणाले, "या वर्षी बाहेरची पार्टी. पुढच्या ऑफ-सीझनला हा त्या भोकातून बिनतेलाचा आत-बाहेर झाला तर राहील बॉयलरवर. नाहीतर यार्ड. आणि आत उतरायच्या परमिटवर सही तुमची."

मी आप्पाला हे सांगितलं. तो म्हणाला, "व्हतंय की साहेब. अर्ध्या भाकरीवर येतो."

आणि खरंच आला. कारखान्यात सगळ्यांना वाटत होतं की आप्पाचं मटण सुटत नाही. कोल्हापुरात जाड माणूस दिसला की लोक आधी मटणाला नावं ठेवतात. पण आप्पाचं घर लिंगायत, मटण-अंडं उंबऱ्याच्या आत नाही. डब्यात भाकरी, भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. त्यातली भाकरी अर्धी झाली. सायकल होतीच. शुगर हाऊसमध्ये, म्हणजे जिथे तयार साखर पोत्यात भरतात तिथे, पोती तोलायचा काटा होता. त्यावर मी आप्पाचं वजन केलं तेव्हा काटेवाला म्हणाला, "पोतं भरलं की साहेब, शिवून टाकू का?" शंभराला थोडंच कमी होतं. दर आठवड्याला आप्पानं त्या काट्यावर यायचं असं ठरलं.

पावसाळाभर वजन उतरत गेलं. पॅन्टला दोन नवी भोकं पाडलेला पट्टा लागला. मी खूश, आप्पा खूश. चौगुले साहेबसुद्धा एकदा म्हणाले, "दिसतोय बरा."

दिवाळीनंतर गाळप सुरू झालं, आणि वजन उलटं फिरलं.

डब्यात भाकरी अर्धीच होती. चहा बिनसाखरेचा केला होता. तरी दर आठवड्याला काटा थोडा पुढे. मी आप्पाला विचारलं. तो म्हणाला, "शपथ घालून सांगतो साहेब, कायबी खात न्हाई." मी कॅन्टीनवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "आप्पा माज्याकडं फिरकतच न्हाई." गेटबाहेरच्या वडेवाल्याकडेही चौकशी केली. तिथेही काही नाही.

मग एक दिवस आप्पाची बायको गौराक्का माझ्या क्वार्टरवर आली. सरळ बाई. बसलीसुद्धा नाही, दारातच उभी राहिली.

"साहेब, माणूस घरात जेवंना झालाय. अर्धी भाकरी घालती, त्यातली चतकोर ताटात ऱ्हाती. आनी सदरं घट्ट व्हायला लागल्यात. कुठं खातोय ते तरी सांगा. मी काय म्हननार न्हाई, पन मला कळू दे."

"मलाही कळत नाही, गौराक्का."

"न्हाई, म्हंजे दुसरं कोन करून घालतंय का, तेबी सांगा."

हे मात्र मला अगदीच अनपेक्षित होतं. आप्पाला एक्स्पांडरशिवाय दुसरं प्रेमप्रकरण झेपलं नसतं, असं मी तिला सांगितलं. ती हसली नाही. "मग अन्न जातंय कुठनं त्याच्या पोटात," एवढं म्हणून निघून गेली.

त्याच आठवड्यात वजनाच्या वेळी मी स्वतः शुगर हाऊसला गेलो. एरवी काटेवाला मला फक्त आकडा कळवायचा.

शुगर हाऊसबद्दल थोडं सांगतो. तिथे ग्रेडर नावाचं मशीन असतं. मोठ्या चाळण्यांचा संच, सतत थरथरणारा. वरून गरम साखर पडते, मोठा दाणा, मध्यम दाणा, बारीक दाणा असा वेगळा होतो आणि खालच्या पेटीतून पोत्यात जातो. ती ताजी साखर कोमट असते, आणि तिचा वास घरातल्या साखरेला येत नाही. तिथून जाणारा प्रत्येक माणूस एक मूठ भरतो आणि तोंडात टाकतो. फिटर, वेल्डर, क्लार्क, बघायला आलेले पावणे, सगळे. याला कुणी खाणं म्हणत नाही. कारखान्याचा नियमही तसाच होता. गेटवर झडती व्हायची आणि खिशात चिमूटभर साखर सापडली तरी केस. पण पोटातून कितीही न्या, कुणी विचारणार नाही.

आप्पा काट्यावर चढला. काटेवाल्यानं आकडा सांगितला, मागच्यापेक्षा जास्त. आप्पानं कपाळावर हात मारला, "काय करावं आता" म्हणाला आणि काट्यावरून उतरला. उतरता उतरता त्याचा उजवा हात ग्रेडरच्या पेटीत गेला, मूठ भरली, बकाणा तोंडात. हे सगळं माझ्याकडे बघत, माझ्याशी बोलत.

"आप्पा, काय खाल्लं?"

"कुठं काय? न्हाई की."

"तळहात दाखवा."

त्यानं हात उघडला. घामानं दाणे चिकटलेले होते. त्यानं ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"साखर म्हंजे काय खानं हाय व्हय साहेब? सगळीच टाकत्यात."

सगळेच टाकतात हे खरं होतं. पण सगळे दिवसातून एकदा तिथून जात होते. आप्पाला मात्र बॉयलर हाऊसमधून वर्कशॉपला, स्टोअरला, कॅन्टीनला, मुतारीला, कुठेही जायचं तर जवळची वाट शुगर हाऊसमधून होती. आणि आम्ही त्याचं वजन करायला जागा निवडली होती तीही ग्रेडरला खेटून. कोल्हापूर जिल्ह्यात एवढे काटे असताना.

भांडून उपयोग नव्हता. मी म्हटलं, "आप्पा, उद्या एक करा. हात गेला तर जाऊ दे. मूठ भरा. पण तोंडात टाकायची नाही, जेवणाच्या डब्यात टाकायची. शिफ्ट सुटली की डबा घेऊन माझ्याकडे या."

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर आप्पा माझ्या केबिनमध्ये आला. दार लावून घेतलं. डबा टेबलावर ठेवला. झाकण बसत नव्हतं.

आप्पानं डब्याचा वरचा कप्पाही काढून ठेवला. मग म्हणाला, "साहेब, वरचा कप्पाबी भरलाय. भाजीचा."

"हं."

"एवडं मी रोज खातो?"

मी डब्यावर वर्तमानपत्र टाकलं. बाहेर झडतीचा शिपाई उभा होता. तो डबा घेऊन आप्पा गेटवर गेला असता तर साखरचोरीत नोकरी गेली असती. आम्ही दोघांनी जाऊन ती साखर परत वितळवायच्या टाकीत ओतली, आणि ओततानाही मला चोर असल्यासारखं वाटत होतं.

परत येताना आप्पा बोलायला लागला. तीन वर्षांपूर्वी त्यानं तंबाखू सोडली होती. गौराक्कानं अन्नपाणी सोडायची धमकी दिली म्हणून. सगळ्यांनी पाठ थोपटली होती, मीसुद्धा. "तंबाकू सुटली साहेब, पन हात मोकळा राह्यला. काम जरा अवघड आलं, कुनी बोललं, घरी कायतरी झालं की हात काय तरी मागतोय. आधी चुना-तंबाकू मळायचा, आता ह्यो." थोडं थांबून म्हणाला, "ऑफ-सीझनला गिरेडर बंद असतोय तवा मला झोप लागत न्हाई. कुनाला सांगितलं न्हाई. काय सांगनार? साखर मिळंना म्हनून झोप येत न्हाई?"

आमच्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा एक डॉक्टर मॅडम यायच्या. मी त्याला घेऊन गेलो. मॅडमनी सगळं ऐकलं, रक्तातली साखर तपासली. ती काठावर होती, अजून पलीकडे गेली नव्हती. म्हणाल्या, "आप्पा, अर्धी भाकरी बंद. पोटभर जेवा. उपाशी राहता म्हणून हात जास्त जातो. घरी सणाला गोड खाल्लं तर चालेल, ताटात वाढून, बसून. पण कारखान्यातली साखर एक दाणाही नाही. तंबाखूसारखी सोडायची."

"हळूहळू कमी केली तर?"

"तंबाखू हळूहळू सुटली होती का?"

"न्हाई."

मग आम्ही वाट बदलली. आप्पानं कुठेही जायचं तर शुगर हाऊसला वळसा घालून, उसाच्या यार्डातून. लांब पडायचं, ऊन लागायचं, बैलगाड्यांमधून वाट काढावी लागायची. वजनाचा काटाही बदलला. स्टोअरमागे भंगार तोलायचा काटा होता, तिथे. आप्पाला त्यात जरा कमीपणा वाटला. पहिले काही दिवस त्याचं डोकं दुखायचं, कुणी चांगलं बोललं तरी अंगावर जायचा. एका हेल्परला त्यानं पाना फेकून मारला होता, लागला नाही हे नशीब.

पण खरा इलाज केला तो शुगर हाऊसच्या लोकांनी. आप्पानं स्वतः जाऊन त्यांना सांगितलं, "मी हितं दिसलो तर शिव्या घाला." कोल्हापूरच्या माणसाला एवढी परवानगी पुरते. एकदा स्टीम लाइनच्या कामाला त्याला आत जावंच लागलं. तर काट्यापासून पोती शिवणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी मशीनच्या आवाजावर आवाज चढवला. "ए आप्पा, हात खिशात." "आप्पा, सोडतोस का गौराक्काला बोलवू?" त्यातले पुढचे शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. आप्पा काम संपेपर्यंत शिव्या खात राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "प्वाट भरलं साहेब."

एकदा घसरला. भर गाळपात एक ट्यूब फुटली, बॉयलर बंद पडला, यार्डात उसाच्या गाड्यांची रांग लागली, आणि चौगुले साहेब सगळ्यांवर ओरडत होते. ट्यूब बंद करून झाली तेव्हा आप्पा दिसेना. थोड्या वेळानं स्वतःच आला. "साहेब, दोन बकाणं मारून आलो. तिसरा भरला हुता, टाकून दिला."

मला राग यायला हवा होता. पण मला बरंच वाटलं. आधी तो खायचा आणि त्याला कळायचं नाही. आता कळत होतं. मी म्हटलं, "तिसरा टाकला ना? झालं तर. उद्या यार्डातूनच जा."

गाळप संपलं. बॉयलर थंड झाला, ड्रम उघडला. परमिट माझ्यासमोर होतं आणि त्यावर सही करण्याआधी मी ते दोनदा वाचलं. भंगाराच्या काट्यावरचे आकडे चांगले होते. पण मॅनहोलला आकडे कळत नाहीत. चौगुले साहेब वर आले, हाताची घडी घालून उभे राहिले. पूर्ण बॉयलर हाऊस वर जमलं होतं. तेलाचा डबा कुणीतरी आणून ठेवला होता, तो मी खाली पाठवला.

आप्पा आत गेला. कुणी ढकललं नाही. आतून त्यानं हातोडीनं दोनदा ठोकलं, म्हणजे सगळं ठीक.

"आता बाहेर," साहेब म्हणाले.

हात आले, डोकं आलं, छाती आली. आणि आप्पा थांबला.

मी खाली वाकलो. प्लॅटफॉर्मवर कुणी हललं नाही. चौगुले साहेबांनी हाताची घडी सोडली.

"आप्पा?" मी म्हटलं.

"काय न्हाई साहेब. हितं वारं ब्येस लागतंय, जरा बसतो."

मी त्याला जी शिवी दिली ती माझ्या नोकरीतली पहिली. आप्पा हसत हसत सगळा बाहेर आला, उभा राहिला, पुन्हा वाकला आणि कुणी न सांगता परत आत गेला. नंतर ट्यूबा त्यानंच बसवल्या. मी रेलिंगला टेकून खाली बसलो. एवढं मोकळं मला माझ्या स्वतःच्या रिझल्टच्या दिवशीही वाटलं नव्हतं. चौगुले साहेब जाता जाता म्हणाले, "यार्डात दुसरा माणूस बघा." एवढंच. त्यांच्या भाषेत हे पुष्कळ होतं.

ट्यूबा झाल्यावर हायड्रो टेस्ट झाली. म्हणजे बॉयलर पाण्यानं गच्च भरून दाब द्यायचा आणि कुठे थेंब येतो का ते बघायचं. एकही थेंब नाही. इन्स्पेक्टरनी सर्टिफिकेट दिलं. आदल्या वर्षी बाहेरच्या पार्टीच्या कामाला तिसऱ्या टेस्टला मिळालं होतं. आप्पा पुढे निवृत्त होईपर्यंत बॉयलरवरच राहिला, आणि वजन थोडं खालीवर झालं तरी त्या भोकात तो पुन्हा कधी अडकला नाही.

पुढचं गाळप सुरू व्हायच्या आधी मी बॉयलर हाऊसमधून शुगर हाऊसकडे जाणारा मधला दरवाजा वेल्डिंग करून बंद केला. लोकांनी बोंब मारली. चौगुले साहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "मेंटेनन्स."

बॉयलरच्या ट्यूबमध्ये क्षार धरले की नुसते खरवडून भागत नाही. पाणी कुठून येतं ते बघावं लागतं, नाहीतर पुढच्या वर्षी तेच क्षार आणि तीच खरवड. हे मी कॉलेजपासून शिकत होतो आणि नव्या पोरांना शिकवतही होतो. माणसाच्या बाबतीत ते सुचायला मला अख्खं एक वर्ष लागलं.